'अब्रीव्हिएट' म्हणजे काय, आणि मुलांच्या नावात ते का करू नये

इंग्रजीच्या तासाला आम्ही नववीच्या मुलांना एक लग्नपत्रिका वाचायला दिली होती. तिच्यावर निमंत्रकाचं नाव 'मो. आरिफ' असं छापलं होतं आणि खाली फोन नंबरच्या आधीही 'मो.' होतं. आम्ही विचारलं, "या 'मो.'चं पूर्ण रूप सांगा." मागच्या बाकावरून एकाने लगेच उत्तर दिलं, "सर, मोबाईल!" "आणि वरचं?" तो वरची ओळ मोठ्याने वाचायला गेला, "मोबाईल आरिफ..." आणि सगळा वर्ग हसला. मग तो स्वतःच गप्प झाला. त्या मुलाच्या स्वतःच्या नावातही 'मो.' होतं.

त्या दिवशी फळ्यावर आम्ही एकच क्रियापद लिहिलं, 'अब्रीव्हिएट'. त्या तासाला मुलांना जे सांगितलं तेच इथे पालकांसाठी थोडं विस्ताराने मांडतो आहोत. हा शब्द दहावीच्या परीक्षेत दोन मार्कांचा असेल, पण आपल्या घराघरातल्या कागदपत्रांत त्याची किंमत बरीच जास्त आहे.

शब्द आणि त्याचा अर्थ

उच्चार 'अ-ब्री-व्ही-एट', जोर 'ब्री'वर. स्पेलिंग ए-बी-बी-आर-ई-व्ही-आय-ए-टी-ई. यात 'बी' दोनदा येतो आणि मुलं हमखास एक 'बी' खातात. गंमत अशी की ज्याचा अर्थच 'छोटं करणे' तो शब्द स्वतः दहा अक्षरांचा आहे. त्याचं नाम 'अब्रीव्हिएशन' तर बारा अक्षरांचं. म्हणूनच डिक्शनरीवाले त्याचंही लघुरूप करतात, ए-डबल बी-आर आणि पुढे टिंब.

मूळ लॅटिन आहे. 'ब्रेव्हिस' म्हणजे आखूड, थोडका. 'ब्रीफ' हा शब्दही त्याच घरातला. अर्थ सरळ आहे: एखादा शब्द किंवा शब्दसमूह कमी अक्षरांत लिहिणे, त्याचं लघुरूप करणे.

आपल्याला दोन भाषा येतात त्याचा इथे फायदा होतो. मराठीत आपण 'लघुरूप' म्हणतो. 'लघु' म्हणजे छोटं आणि हलकंही. उर्दूत आपण 'मुखफ्फफ' म्हणतो. तो 'खफीफ'वरून आला, म्हणजे हलका. 'मुखफ्फफ' म्हणजे हलका केलेला. मराठी आणि उर्दू, दोन्ही भाषांनी एकच गोष्ट पाहिली: शब्दाचं ओझं कमी केलं. आता हे ओझं कोणाचं कमी होतं? लिहिणाऱ्याचं. वाचणाऱ्याला मात्र तो शब्द मनात पुन्हा पूर्ण करावा लागतो. त्याला पूर्ण रूप माहीत असेल तर काही अडत नाही. माहीत नसेल तर लिहिणाऱ्याने उतरवलेलं ओझं त्याच्या डोक्यावर येतं. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर हा लेख निम्मा समजला.

वाक्यात कसं वापरायचं

हे सकर्मक क्रियापद आहे, म्हणजे 'काय छोटं केलं' ते सांगावं लागतं. नेहमीची रचना अशी:

'वुई अब्रीव्हिएट डॉक्टर टू डी-आर.' आपण 'डॉक्टर' हा शब्द डी-आर असा छोटा लिहितो.

'फेब्रुवारी इज ऑफन अब्रीव्हिएटेड टू फेब.' फेब्रुवारी बऱ्याचदा 'फेब' असा लिहिला जातो. परीक्षेत ही कर्मणी रचनाच जास्त विचारतात.

'डू नॉट अब्रीव्हिएट युवर नेम.' तुमचं नाव छोटं करून लिहू नका. या तिसऱ्या वाक्याकडे पुढे परत येऊ.

'टू' प्रमाणे 'अ‍ॅज' हे शब्दयोगी अव्ययही चालतं. मात्र 'अब्रीव्हिएट इन' असं मुलं लिहितात, ते टाळावं. 'छोट्या रूपात' याचं ते शब्दशः भाषांतर असतं.

लघुरूपांचे चार प्रकार

पहिला प्रकार, शब्दाचं फक्त सुरुवातीचं तोंड ठेवायचं. प्रोफेसरचं 'प्रोफ', फेब्रुवारीचं 'फेब'.

दुसरा, पहिलं आणि शेवटचं अक्षर ठेवून मधलं काढायचं. डॉक्टरचं डी-आर, मिस्टरचं एम-आर. ब्रिटिश पद्धतीत अशा रूपांपुढे बहुधा टिंब देत नाहीत, अमेरिकन पद्धतीत देतात. आपल्याकडचं एम-डी किंवा एम-ओ-एच-डी हे 'मोहम्मद'चं रूप याच जातीचं आहे.

तिसरा, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घ्यायचं आणि ती अक्षरं सुटी वाचायची. बीबीसी, एसएससी, आणि आपली एसटी, म्हणजे स्टेट ट्रान्सपोर्ट.

चौथा, पहिली अक्षरं घेऊन त्यांचा अख्खा शब्द म्हणून उच्चार करायचा. नासा, युनेस्को, रडार, लेसर. लेसर हा पाच इंग्रजी अक्षरांचा शब्द एका लांबलचक वैज्ञानिक नावापासून बनला आहे हे आता कोणाच्या लक्षातही येत नाही. या चौथ्या प्रकाराला इंग्रजीत 'अ‍ॅक्रोनिम' म्हणतात.

मराठीची पद्धत थोडी वेगळी. इंग्रजी सुटं अक्षर उचलते, मराठी बाराखडीतलं अख्खं अक्षर उचलते. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे इंग्रजीत पी. एल. होतात, मराठीत पु. ल. जिल्हा परिषद लिहिताना 'जि. प.' असते, पण गावात बोलताना आपण सगळे 'झेडपी' म्हणतो. पाकिटावर 'मु. पो. ता. जि.' लिहिलं की पोस्टमनला मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा समजतं. कारण लिहिणारा आणि वाचणारा, दोघांनाही ती पद्धत ठाऊक असते.

पण याच मराठीत 'इ.' म्हणजे इत्यादी आणि 'इ. १० वी'त तीच 'इ.' म्हणजे इयत्ता. 'ता.' म्हणजे तालुका आणि 'ता.' म्हणजे तारीखही. आपण गोंधळत नाही, कारण मागचे-पुढचे शब्द आपल्याला सांगतात. मागे-पुढे काहीच नसेल, नुसता एक रकाना असेल, तर कोण सांगणार?

'अब्रीव्हिएट'चे भाऊबंद

छोटं करण्यासाठी इंग्रजीत अनेक क्रियापदं आहेत आणि मुलं ती एकमेकांच्या जागी वापरतात. त्यांची वाटणी अशी:

'शॉर्टन' हे सर्वांत साधं. पँट आखूड करा, भाषण आवरतं घ्या, सगळ्याला चालतं. प्रवासातल्या कस्र नमाजबद्दल इंग्रजी तर्जुम्यांत हेच क्रियापद येतं. जोहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकात प्रवासात दोन होतात. फजर आणि मगरीब आहेत तशाच राहतात. इथे 'शॉर्टन द प्रेअर' बरोबर. 'अब्रीव्हिएट द प्रेअर' लिहिलं तर शिक्षक लाल पेनाने खूण करतील, कारण 'अब्रीव्हिएट' प्रामुख्याने शब्दांसाठी आणि लिखाणासाठी आहे.

'अब्रिज' हे पुस्तकासाठी. मोठा ग्रंथ संक्षिप्त करून छापला की ती 'अब्रिज्ड एडिशन'. 'अब्रिज' आणि 'अब्रीव्हिएट' एकाच लॅटिन शब्दातून निघालेले, फक्त पहिला जुन्या फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला.

'समराइज' म्हणजे आपल्या शब्दांत सारांश सांगणे. उताऱ्याखालचा प्रश्न यावर असतो.

'कर्टेल' म्हणजे कपात करणे. खर्च, सुट्टी, प्रवास किंवा हक्क कमी केले की हा शब्द.

'ट्रंकेट' म्हणजे शेवटचं टोक छाटून टाकणे. कॉम्प्युटरच्या रकान्यात ठरावीक अक्षरंच मावतात आणि नाव लांब असेल तर शेवटचा भाग आपोआप गळतो, तेव्हा ते नाव 'ट्रंकेट' झालं. 'अब्रीव्हिएट' माणूस समजून-उमजून करतो, 'ट्रंकेट' मशीन न समजता करतं.

नेहमीच्या चुका

'एट सेट्रा' या लॅटिन शब्दांचा अर्थच 'आणि बाकीचे' असा आहे. म्हणून त्याच्या लघुरूपाआधी 'अँड' लिहायचं नाही. 'ई.जी.' म्हणजे उदाहरणार्थ आणि 'आय.ई.' म्हणजे दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर. दोन्ही एक नाहीत. 'पी.एम.' हे दुपारनंतरच्या वेळेचं लघुरूप आहे, म्हणून 'रात्री नऊ पी.एम.' असं दोनदा सांगायची गरज नाही. इंग्रजी पुस्तकांत हिजरी सनाच्या बाजूला 'ए.एच.' दिसतं, तेही लॅटिनच आहे: 'आनो हेजिरी', हिजरतीच्या वर्षी. मुलांना 'आफ्टर हिजरत' वाटतं. अंदाज वाईट नाही, पण मूळ ते नाही.

कुठे छोटं करू नये: दुरूदचा दाखला

आपल्या आलिमांनी या प्रश्नाचा विचार फार आधी केला आहे. हदीसच्या जुन्या हस्तलिखितांत 'हद्दसना', म्हणजे 'त्यांनी आम्हाला सांगितलं', हा शब्द पानोपानी येतो. नकल करणारे तो दोन-तीन अक्षरांत लिहायचे. कोणाची हरकत नव्हती, कारण हदीस शिकणाऱ्या प्रत्येकाला ती खूण ठाऊक होती. पण सातव्या हिजरी शतकातले हदीसचे मोठे आलिम इब्ने सलाह यांनी आपल्या 'मुकद्दिमा'त सांगितलं की रसूलुल्लाहच्या नावापुढचा दुरूद लिहिताना कंटाळू नये आणि तो दोन-चार अक्षरांच्या खुणेने उरकू नये, पूर्ण लिहावा.

म्हणजे बघा, तीच माणसं, तीच शाई, तोच कागद. 'हद्दसना' छोटं चालतं आणि दुरूद छोटा चालत नाही. कारण पहिलं फक्त माहिती आहे, दुसरी दुआ आहे. आज मोबाईलवर मुलं इंग्रजी एस-ए-डब्ल्यू लिहून मोकळी होतात. ही तीन अक्षरं सलग वाचली तर इंग्रजीत 'सॉ' होतं, म्हणजे करवत किंवा 'पाहिलं'. आता तर बऱ्याच मोबाईलच्या उर्दू कीबोर्डवर पूर्ण दुरूद एका अक्षराच्या जागेत मिळतो. एक बटण दाबलं की अख्खा दुरूद उमटतो, म्हणून घाईचं कारणही उरत नाही.

आणि आता नाव

आमच्या भागातल्या शाळांची जुनी जनरल रजिस्टरं उघडली तर अशा नोंदी पानापानावर सापडतात: 'शे. अ. रहीम शे. अ. करीम'. 'स.' म्हणजे सय्यद, 'मो.' म्हणजे मोहम्मद, 'अ.' म्हणजे अब्दुल. लिहिणाऱ्या गुरुजींना ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं. त्या काळी तेवढं पुरत होतं.

हे आम्ही दुसऱ्यांना नावं ठेवण्यासाठी सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत आम्हीही हेच केलं. रकाना अरुंद, समोर पालकांची रांग, आणि 'मो.' लिहिलं की काम झालं असं वाटायचं. पुढे त्यातलाच एक मुलगा दहावी-बारावी होऊन आमच्याकडे आला. दाखल्यावर 'मो.', मार्कशीटवर एम-ओ-एच-डी, जन्मदाखल्यावर एम-डी आणि आधारवर पूर्ण मोहम्मद. चार कागद आणि जणू चार माणसं. एका ऑफिसात त्याला विचारलं, "यातला तू कोणता?" प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावाची जाहिरात, पुन्हा ऑफिस, या धावपळीत त्याच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख निघून गेली. तो आमच्यावर रागावला नाही. "सर, तुमचं अक्षर ओळखलं," एवढंच म्हणाला. आमचं अर्ध्या मिनिटाचं काम वाचलं होतं, त्याचं एक वर्ष गेलं.

मशीनला गाव माहीत नसतं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने एम-डी आणि मोहम्मद हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि एम-डी म्हणजे मॅनेजिंग डायरेक्टरही असू शकतो किंवा डॉक्टरची पदवीही. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन घ्या. त्यातला 'एम' ऐकून अनेकांना मोहम्मद वाटतं. नाव आहे मकबूल फिदा हुसेन. एवढ्या प्रसिद्ध माणसाच्या बाबतीत आपला अंदाज चुकतो, तर आपल्या मुलाच्या बाबतीत अनोळखी कारकुनाचा का चुकणार नाही?

'अब्दुल'चा प्रश्न तर अर्थाचाच आहे. अब्दुल रहीम म्हणजे रहीमचा, म्हणजे अल्लाहचा बंदा. हे दोन शब्द मिळून एक नाव होतं. फॉर्ममध्ये पहिल्या नावात 'अब्दुल' आणि मधल्या नावात 'रहीम' टाकलं की नाव मधोमध तुटतं. मग शाळेत हाक 'अब्दुल', म्हणजे नुसतं 'च्या बंद्या'. आणि 'अ. रहीम' लिहिलं की पुढचा कारकून 'अ.' गाळून टाकतो आणि उरतं फक्त रहीम, जे अल्लाहचं नाव आहे. लघुरूपाने इथे अर्थच उलटा होतो.

पालकांनी काय करावं

एक. जन्मदाखला काढतानाच नाव पूर्ण लिहा, मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही. 'मोहम्मद'ची इंग्रजी स्पेलिंग चार-पाच प्रकारे लिहितात आणि कोणतीही चूक नाही. पण घरात एक ठरवा आणि एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. प्रत्येक फॉर्म त्यावरूनच भरा.

दोन. शाळाप्रवेशाच्या वेळी गुरुजी रजिस्टरमध्ये काय लिहितात ते उभं राहून बघा. 'सर, पूर्ण लिहा' असं सांगायला संकोच करू नका. आम्हाला राग येत नाही.

तीन. मूल शाळेत असतानाच नाव तपासा आणि दुरुस्तीसाठी मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या. शाळा सुटल्यावर, दहावीची मार्कशीट हातात आल्यावर हेच काम कितीतरी अवघड होतं. आता शाळेच्या नोंदीतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं नाही तर मुलांचा अपार आयडी बनवतानाही अडतं, तेव्हा चूक लवकर कळते. ती कळली की टाळू नका.

चार. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. म्हणून घाईत सेंटरवर जाऊन 'काहीतरी करून द्या' म्हणू नका. आधी ठरवा कोणता कागद खरा धरायचा, मग बाकीचे त्याच्याशी जुळवा.

पाच. पॅनच्या अर्जात आद्याक्षरं चालत नाहीत, पूर्ण नाव मागतात. पासपोर्टसाठीही पूर्ण नावच द्या. उमराह असो, हज असो की आखाती देशातली नोकरी, व्हिसा आणि तिकीट पासपोर्टवरच्या नावाने निघतं. तिथे 'मो.' कोणी समजून घेणार नाही.

सहा. मुलींच्या नावातली 'बी', 'बेगम', 'खातून' एका कागदावर असते आणि दुसऱ्यावर गायब होते. ठेवायची तर सगळीकडे ठेवा. लग्नानंतरच्या नावबदलाच्या वेळी हा फरक दुप्पट त्रास देतो.

यादीतल्या सामानाला, वहीतल्या टिपणाला, मित्राच्या मेसेजला लघुरूप खुशाल वापरा. आम्हीही वापरतो. फक्त लिहिण्याआधी एक प्रश्न विचारा: वाचणाऱ्याला याचं पूर्ण रूप नक्की माहीत आहे का? उत्तर 'हो' असेल तर छोटं करा. 'नाही' किंवा 'कदाचित' असेल तर पूर्ण लिहा.

त्या नववीच्या वर्गाला आम्ही गृहपाठ दिला होता: घरातले सगळ्यांचे कागद बघा आणि प्रत्येकाचं नाव किती प्रकारे लिहिलंय ते मोजा. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा तोच मुलगा उठला. त्याच्या अब्बांचं नाव पाच प्रकारे होतं, आजोबांचं तीन, आणि त्याचं स्वतःचं दोन. "सर, माझं अजून दुरुस्त होईल ना?" त्याने विचारलं. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही त्याचा अर्ज लिहून घेतला. अर्जात नाव त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, पूर्ण, एकही टिंब न देता.

आज रात्री जेवण झालं की तुम्हीही घरातली कागदांची पिशवी काढा. अल्लाह आपल्या मुलांचं काम सोपं करो, आमीन.